फुली मारलेली घरं

पल्स पोलिओचा रविवार सरला की पुढचे चार-पाच दिवस चाळींच्या दारांवर खडूची अक्षरं उमटत जातात. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांना डोस मिळाला असेल तर ‘पी’. एखादं पोर मामाकडे गेलं आहे, आई दार उघडायला तयार नाही, किंवा दाराला कुलूपच आहे, तर फुली. संध्याकाळी पथकातल्या बायका तक्त्यावरच्या फुल्या मोजतात आणि त्या दारांशी पुन्हा जातात. एकदा जाऊन भागलं नाही तर दोनदा. नैसर्गिक विषाणूनं झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. त्या यशाचं श्रेय लशीला मिळालं, आणि ते मिळायलाच हवं. खडूच्या फुलीला मात्र कुणी हार घातला नाही. राहिलेलं काम चारचौघांना दिसेल असं दारावर लिहायचं, आणि ज्याच्याकडून राहिलं त्यानंच लिहायचं, हा रिवाज आपल्या सरकारी कारभारात फारसा कुठे आढळत नाही.

कोविडनं माणसामाणसांतलं अंतर कसं वाढवलं आणि ते कमी करायला गावागावांत कोण झटलं, हा या पुस्तकाचा विषय. ‘आरोग्य-विषमता’ हा त्यासाठीचा शब्द परिसंवादात शोभतो. चाळीच्या जिन्यात तो कुणाला कळणार नाही. म्हणून मी तो खडूच्या भाषेत वाचतो. फुली कुठल्या दारांवर राहिली, आणि त्या दारांशी पुन्हा कोण गेलं?

ही दारं बघायला फार लांब जावं लागत नाही. ठाण्याहून बाळकुम मागे टाकून खाडीपूल ओलांडला की कशेळी. पूल संपतो तिथं ठाणे महापालिकेची हद्द संपलेली असते आणि भिवंडी महापालिकेची अजून सुरू झालेली नसते. गावाला ग्रामपंचायत आहे. आरोग्याचं खातं जिल्हा परिषदेचं, बांधकामाचं नियोजन एमएमआरडीएचं, पोलीस ठाणे शहर आयुक्तालयाचे. पुढे काल्हेर, मग पूर्णा, मग अंजूरफाटा, आणि दोन्ही बाजूंना गोदामं. ही गोदामं इथं आली त्यामागे जकात होती. माल नाक्याबाहेर उतरवून ठेवला तर शहरात जाईल तेवढ्यावरच जकात पडे, म्हणून व्यापाऱ्यांनी खाडीपलीकडची भातशेती भाड्यानं घेतली, विकत घेतली. पुढे 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामं हलली नाहीत. उलट घरपोच मालाच्या धंद्यानं ती आणखी फोफावली. 2020 साली मुंबई घरात बसून फोनवर पीठ, साबण आणि सॅनिटायझर मागवत होती, तेव्हा त्यातली किती खोकी भिवंडीच्या या पट्ट्यातून निघत होती हे मागवणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती खोकी उचलणारा तर त्याला दिसतही नव्हता.

उचलणारा राहतो गावातल्या भूमिपुत्रांनी शेताच्या तुकड्यांवर बांधलेल्या चाळींत. एका खोलीत पाच-सहा जण, कधी जास्त. कुणी उत्तर प्रदेशचा, कुणी बिहारचा, कुणी मराठवाड्यातून वा विदर्भातून आलेला. लोडर, हमाल, ड्रायव्हर, क्लीनर, वॉचमन. आता सरकारी आरोग्यव्यवस्थेची मापं बघा. 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी भागात हेच आकडे 3,000 आणि 20,000. साधारण हजार लोकांमागे एक आशा. माप वाईट नाही. पण ते लावायचं कोणत्या आकड्याला? जनगणनेच्या. शेवटची जनगणना 2011 ची, आणि 2021 ची तर या साथीमुळेच लांबली. 2011 नंतर कशेळी-काल्हेरमध्ये किती माळ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या ते रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं. कागदावर गाव अजून गावच आहे.

अशा गावात साथ आली की प्रश्न आधी यादीचा होतो, मग औषधाचा. रेशनकार्ड गोरखपूरला, मतदान आझमगडला, आधारवरचा पत्ता बिदरचा, खोकला मात्र इथला. ब्रिटनमधल्या वेल्सच्या कोळसा-खाणींच्या भागात दवाखाना चालवणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरनं 1971 मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं: जिथं आरोग्यसेवेची गरज सगळ्यात जास्त, तिथंच चांगली सेवा सगळ्यात कमी मिळते, आणि बाजारावर सोडून द्याल तितकं हे व्यस्त प्रमाण तीव्र होत जातं. त्याला भिवंडी ठाऊक असण्याचा संभव नाही. इथं त्याच्या नियमाला आणखी एक कलम जोडावं लागेल, ते हद्दीचं. 17 जून 2020 ला बाळकुमच्या बाजूला ठाणे महापालिकेचं 1,024 खाटांचं कोविड रुग्णालय सुरू झालं. कशेळीहून ते पुलापलीकडे. पण माणूस आजारी पडतो तेव्हा त्याच्या घरचे अंतर किलोमीटरमध्ये मोजतात आणि व्यवस्था ते हद्दीत मोजते. ग्रामीण भागासाठी भिवंडी तालुक्यातल्या सवादला एका गोदामाचं कोविड रुग्णालय झालं. ज्या तालुक्यानं देशभराच्या मालासाठी छपरं उभारली, तिथं माणसांना खाटा देतानाही शेवटी गोदामच कामाला आलं.

खुद्द भिवंडी शहराची गोष्ट वेगळी आणि तितकीच जवळची. यंत्रमागाचं हे शहर, 2011 च्या मोजणीत लोकसंख्या सुमारे सात लाख. मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या. पुष्कळ कारागीर एकटेच आलेले. खोली पाळीनं वापरायची, एक उठला की दुसरा आडवा. जेवण बिसीत. बाहेरच्यांसाठी सांगायला हवं की भिवंडीतली बिसी म्हणजे पैशांची भिशी नव्हे. ती खानावळ, दोन वेळा ताट, हिशेब पगाराला. 2020 च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, माग थांबले, पगार थांबला आणि बिसीची चूलही थंडावली. ज्याच्या खोलीत स्टोव्ह नाही, भांडं नाही, त्याला सरकारनं तांदूळ दिला तरी तो शिजवणार कशावर? ‘घरात राहा’ ही सूचना ज्यांनी लिहिली त्यांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर असलेलं घर होतं. 2 मेच्या रात्री भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक रेल्वे सुटली, मुंबई परिसरातून सुटलेली पहिली. त्याआधी आणि नंतरही माणसं रांजणोली नाक्यावरून नाशिकच्या रस्त्यानं चालतच निघाली होती, कसारा घाटाकडे.

त्या चालण्यात किती गेले? 14 सप्टेंबर 2020 ला संसदेत हाच प्रश्न विचारला गेला आणि केंद्रीय श्रम मंत्रालयानं लेखी उत्तर दिलं की अशी आकडेवारी उपलब्ध नाही. या उत्तराचा तेव्हा बराच गवगवा झाला, मग ते विरून गेलं. मला ते अजून सलतं, कारण त्याच्या शंभर वर्षं आधीचा एक तक्ता माझ्या डोळ्यांपुढे येतो. 1918 च्या इन्फ्लुएंझात मुंबई शहरात दर हजारी किती माणसं गेली याची समाजवार नोंद महापालिकेच्या आरोग्य खात्यानं केली होती. युरोपीय 8.3. पारशी 9. हिंदूंमधल्या इतर जाती 18.9. आणि त्या काळच्या कागदोपत्री ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलं आहे ते 61.6. विषाणू एक, शहर एक, पाऊसही एकच, आणि मरणात सातपटीचा फरक. परक्या सरकारला माणसं जातीत मोजायची हौस होती, ती काही समतेसाठी नव्हती. तरी त्या हौसेनं एक सत्य आपल्या हाती ठेवलं. आपण 2020 मध्ये रोज संध्याकाळी जे पत्रक वाचत होतो त्यात मृताचं वय होतं, सहव्याधी होत्या. तो काय काम करत होता, कुठल्या खोलीत किती जणांबरोबर राहत होता, कुठल्या समाजाचा होता, याचा रकाना नव्हता. रकानाच नसेल तर फुली मारायची तरी कुठे?

मुंबईत जुलै 2020 मध्ये तीन प्रभागांत रक्ताचे नमुने घेऊन एक पाहणी झाली. नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांची. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, बाहेरच्या वस्तीत 16 टक्के. वर्तमानपत्रांनी ‘सामूहिक प्रतिकारशक्ती’वर चर्चा झोडली. पण त्या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे खोलीचं क्षेत्रफळ आणि सार्वजनिक संडासाची रांग हेच होतं. भिवंडीची घरंही याच हिशेबातली. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे धामणकर नाक्याजवळची जिलानी इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि चाळीसच्या आसपास जीव गेले. त्या वेळी राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू होऊन जेमतेम आठवडा होत होता.

भिवंडी हे दु:खाचंच गाव आहे असा समज या पानांनी होऊ नये. जून 2020 मध्ये शहरात रुग्ण झपाट्यानं वाढले, इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं, खासगी दवाखान्यांची बरीच दारं बंद होती आणि ऑक्सिजनसाठी लोक धावाधाव करत होते. अशा वेळी शांतीनगरमधल्या मक्का मशिदीत खाटा मांडल्या गेल्या. पाच खाटा, ऑक्सिजन, तपासायला डॉक्टर, आणि ज्यांना घरीच ठेवणं शक्य आहे त्यांच्यासाठी सिलिंडर घरपोच. सगळं मोफत, कुठल्याही धर्माच्या माणसाला. जमाअते इस्लामी हिंद, मूव्हमेंट फॉर पीस अँड जस्टिस आणि शांतीनगर ट्रस्ट यांनी मिळून ते चालवलं. पाच खाटा म्हणजे काय, असं आकड्यांच्या माणसाला वाटेल. वस्तीतल्या माणसाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट अशी की ती जागा ओळखीची होती. सरकारी रुग्णालयात नेलं की माणूस परत येत नाही, ही अफवा त्या दिवसांत गल्लीगल्लीतून फिरत होती. मशिदीबद्दल तसं कुणी म्हणू शकलं नाही.

त्याच जूनमध्ये डॉ. पंकज आशिया भिवंडीचे आयुक्त म्हणून आले, ते मालेगावहून. मालेगावही यंत्रमागाचं, दाटीचं, आणि एप्रिल-मे महिन्यांत कोविडनं पिळून काढलेलं. तिथं धडा मिळाला होता की पोलिसी बंदोबस्तानं लक्षणं लपतात. मौलाना, वस्तीतले डॉक्टर, यंत्रमागवाले यांना सोबत घेतलं तर ती बोलली जातात. भिवंडीत हा धडा रुजायला जमीन तयार होती, हे मात्र बाहेरच्यांच्या लक्षात कमी आलं. 1984 च्या भीषण दंगलीनंतर, 1988 च्या सुमाराला पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी या शहरात मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, पानवाला, यंत्रमागवाला, शिक्षक, हवालदार, नियमानं एकत्र बसायची. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. समित्यांचं पुढे जे व्हायचं ते झालं; कुठल्याही समितीचं होतं तेच. पण संकट येण्याआधी एकमेकांच्या दारी गेलेलं असावं लागतं, ही गोष्ट या शहराला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या मराठी परंपरेतही ही जाण जुनी आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं. प्रशिक्षित नर्स गावात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांत पुष्कळ निरक्षर, पुष्कळ दलित. डॉ. नोशिर अंतिया मुंबईतले नावाजलेले प्लास्टिक सर्जन, पण सत्तरीच्या दशकात ते अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या परिसरात गावच्या बायकांना आजार ओळखायला शिकवत होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांच्या बाबतीत तेच केलं. 2005 साली देशानं ‘आशा’ उभी केली, तिच्या मुळाशी या बायकांची पायवाट आहे. फरक एवढाच की जामखेडच्या बाईला गावानं मान दिला. आशेला आपण ‘स्वयंसेविका’ हा किताब दिला आणि पगाराचा प्रश्न त्या किताबाखाली झाकून टाकला.

तिचं 2020 मधलं काम आठवा. 15 सप्टेंबर ते 25 ऑक्टोबरच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत एका पथकानं दिवसाला पन्नास घरं करायची. ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा 95 च्या खाली गेला तर पुढे पाठवायचं, मधुमेह-रक्तदाब-किडनीचे रुग्ण नोंदायचे. पन्नास घरं हा हिशेब गावठाणातल्या घरांना बरा लागू पडतो. गोदामांच्या चाळीत सकाळी अकराला गेलं तर दहापैकी सहा दारांना कुलूप असणार; आतले कामावर असणार किंवा रात्रपाळी करून झोपलेले. दार वाजवलं तर शिव्या खाव्या लागणार. जी आशा संध्याकाळी आठला पाळी सुटायच्या वेळेस गेली, तिला माणसं भेटली. त्या जादा फेरीचा मोबदला कुठल्या शीर्षाखाली द्यायचा हे परिपत्रकात नव्हतं. 15 जून 2021 ला राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा शहरातल्या टाळ्या-थाळ्यांचा आवाज केव्हाच शांत झालेला होता. आठवडाभरानं दीड हजाराच्या वाढीवर संप मिटला. पुढच्याच वर्षी, मे 2022 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. गौरवाबद्दल आनंद आहे. पण जिनिव्हाला दिसलेलं मंत्रालयाला दिसायला संप करावा लागला, हेही लक्षात राहिलेलं बरं.

लशीच्या काळात यादीचा प्रश्न पुन्हा उघडा पडला. 1 मे 2021 पासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, पण नोंदणी कोविन संकेतस्थळावरूनच. स्मार्टफोन आणि चपळ बोटं असलेल्या शहरी तरुणांनी गावाकडच्या केंद्रांवरच्या जागा धरल्या, गाड्या काढल्या, गावात जाऊन लस टोचून घेतली. गावची माणसं रांगेच्या कडेला उभी राहून बघत राहिली. ठाणे-पालघर-रायगडच्या ग्रामीण भागांत तेव्हा यावरून बाचाबाचीही झाली. 24 मेपासून केंद्रावर जाऊन नोंदणीची मुभा आली. त्याआधी, 6 मे रोजी केंद्र सरकारनं एक कार्यपद्धती काढली होती, ती मला या सगळ्या काळातल्या कागदांमधली सगळ्यात माणुसकीची वाटते. ज्यांच्याकडे कसलंच ओळखपत्र नाही अशांना, म्हणजे भटके, भिक्षेकरी, वृद्धाश्रमांतले, तुरुंगांतले, रस्त्याकडेला राहणारे यांना, एका जबाबदार ओळखीच्या व्यक्तीमार्फत लस द्यायची. कागदाच्या जागी माणसाची ओळख चालेल, असं सरकारनं मान्य केलं. भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर हंगामाला येणाऱ्या कातकरी कुटुंबांकडे ओळखीचा कागद नसणं हा काही साथीनं आणलेला प्रकार नाही. त्यांच्यासाठी असली सोय आधीही हवी होती आणि नंतरही.

तरीही मालेगाव आणि भिवंडी या शहरांत लसीकरण मागेच राहिलं. 2021 च्या ऑक्टोबरातल्या ‘मिशन कवच कुंडल’मध्ये आणि नोव्हेंबरपासूनच्या ‘हर घर दस्तक’मध्ये पथकं दारोदार फिरली. ‘लोक अडाणी आहेत’ हे त्यावरचं आवडतं स्पष्टीकरण होतं. मला ते पटत नाही. रोजंदारीच्या माणसाला लशीनंतरचा दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची मजुरी. त्याला कुणी ती भरून द्यायला तयार नव्हतं. शिवाय एरवी ज्याला व्यवस्था ओळखतही नाही, त्याच्या दाराशी ती अचानक सुई घेऊन एवढ्या प्रेमानं उभी राहिली, तर तो दचकणारच.

साथ ओसरल्यावरची गोष्ट तर आपण फारशी बोलतच नाही. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवर उसळला. गोवंडी, भिवंडी, मालेगाव. तीच नावं, तीच दाटी. पोरं दगावली. दोन वर्षं सगळी यंत्रणा कोविडच्या मागे होती, कुटुंबं गावी जाऊन परत आली, नेहमीच्या लसी राहून गेल्या. जगभरात 2021 या एका वर्षात अडीच कोटी मुलांच्या नेहमीच्या लसी अर्धवट राहिल्या किंवा मिळाल्याच नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात. क्षयाचंही तेच: देशात 2019 मध्ये 24 लाखांवर रुग्ण नोंदले गेले, 2020 मध्ये 18 लाख. क्षय कमी झाला नव्हता. खोकणारी माणसं दवाखान्यापर्यंत पोहोचलीच नाहीत, आणि कापसाच्या धुळीत बारा तास उभ्या राहणाऱ्या शहरात याचा अर्थ काय होतो तो कुणालाही कळेल.

पुढची पानं वाचताना वाचकानं एक गोष्ट मनाशी धरावी अशी माझी विनंती आहे. मशिदीतल्या खाटा, गुरुद्वारांचे लंगर, तरुण मंडळांची शिध्याची पाकिटं, गोदाममालकांनी दिलेली जागा यांचं कौतुक करताना आपण नकळत असं धरून चालतो की ही माणसं पुढच्या वेळीही धावून येतील. येतीलही. पण पदरमोड करून चालवलेल्या कामाला एक मुदत असते. ते संपलं की त्याच्या वह्या माळ्यावर जातात. कोणत्या चाळीत कोण एकटा राहतो, कुणाला इन्सुलिन लागतं, कुठल्या बाईचा सातवा महिना आहे, हे सगळं त्या वह्यांत असतं. सरकारी नोंदवहीत त्यातलं फार थोडं उतरलं.

आता कशेळीत मेट्रो पाचच्या मार्गाचे खांब उभे आहेत. ठाण्याहून भिवंडीला जाणाऱ्या या मार्गावर कशेळीचं स्वतंत्र स्थानक आहे. भाडी वाढतील, खोल्यांवर खोल्या चढतील, आज चाळीत असलेला लोडर आणखी आत, खाडीच्या बाजूला सरकेल. पुढची जनगणना 2027 ची ठरली आहे. प्रगणक बहुधा शाळेतला मास्तर असेल किंवा बाई. सकाळची शाळा आटोपून, दुपारच्या उन्हात, हातात मोबाइल घेऊन तो या चाळींच्या गल्लीत शिरेल. दारांना कुलपं असतील. शेजारच्या खोलीतली बाई सांगेल की इथं पाच जण राहतात, नाही, सहा, एक गावी गेलाय, आठ वाजता या.